पितळेच्या नावाखाली जस्त: आरसी बोटीचा प्रोपेलर घेताना माझी झालेली फसवणूक

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर माझी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी बोट बुडता बुडता वाचली. पूर्ण वेगात असताना टक्क आवाज झाला, बोट थरथरली आणि मागून खाली जाऊ लागली. काठावर ओढून पाहिलं तर प्रोपेलरच्या तीन पात्यांपैकी एक मुळापासून गायब. ब्रशलेस मोटरवर शाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फिरतो. एवढ्या फेऱ्यांत एक पातं गेलं की तोल जातो. माझा शाफ्ट वाकला, नळीतून पाणी आत शिरलं आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा सर्किटचा डबा, जळाला.

हा ४० मिलिमीटरचा प्रोपेलर मी सोशल मीडियावरच्या एका विक्रेत्याकडून ‘शुद्ध पितळ’ म्हणून घेतला होता. दोन नगांचे १,४०० रुपये, तेही यूपीआयने, बिल नाही. आधीचे नायलॉनचे होते. नायलॉन स्वस्त असतं, काडी-कचऱ्याला धडकलं तरी शाफ्टला फार धक्का देत नाही; पण जोराच्या वेगात पाती किंचित वळतात आणि ताकद वाया जाते. काचेचे तंतू मिसळलेलं नायलॉन त्याहून ताठ. पितळ आपला आकार सोडत नाही, कानशीने धार लावता येते, पातं थोडं वाकलं तर सरळही करता येतं. म्हणून मी पितळेकडे वळलो, तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही.

तुटलेला नग घेऊन मी भंडाऱ्याला मामांकडे गेलो. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, मामांचा जन्म त्याच धंद्यात गेला. त्यांनी तुटलेली कड उन्हात धरली. आतून राखाडी, खरखरीत, साखरेच्या खड्यासारखी दाणेदार. पिवळेपणाचा नुसता पापुद्रा होता. ‘‘काहून घेतलं बापा हे? पितळ नाही हे, जस्त आहे. वरून मुलामा मारला.’’ दुसऱ्या नगाच्या बुंध्यावर त्यांनी कानशीचे दोनच हात मारले, खालून पांढरं निघालं. शाफ्टच्या भोकाच्या आतही तोच पांढरा रंग होता. पार्सल उघडलं तेव्हा मला तो दिसला होता. ग्रीस असेल असं समजून मी पुसून टाकलं होतं.

खात्रीसाठी इतवारीत ओळखीच्या सोनारकाकांकडे गेलो. दुसरा, अख्खा नग कोरडा भरला १३.४ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि प्रोपेलर दोऱ्याने पूर्ण बुडवला, तळाला वा कडेला न टेकवता. काट्यावर आलं २ ग्रॅम, म्हणजे आकारमान २ घन सेंटिमीटर. वजनाला आकारमानाने भागलं, भागाकार ६.७. हीच धातूची घनता. पितळेचा ८.४ ते ८.७ च्या दरम्यान येतो, ॲल्युमिनियमचा २.७. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा नेमका ६.७ च्या आसपास. चुंबक लावून काही कळणार नाही, तो पितळेलाही चिकटत नाही आणि जस्तालाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कोणी ‘बेरिलियम कॉपर’ (बेरिलियम मिसळलेलं तांबं) म्हणून प्रोपेलर दिला तर तो कोरडा घासून तपासू नका. त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. तिथे पाण्यातलं वजनच बरं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘‘धातूच्या मालाला गॅरंटी नसते, तुम्ही दगडावर आपटला असेल,’’ असं उत्तर आलं. सोनारकाकांच्या काट्याचा व्हिडिओ पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. यूपीआयची पावती आणि त्याच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवला होता, त्या जोरावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा एका मित्राच्या फोनवर तोच फोटो पुन्हा दिसला. पेजचं नाव नवीन, किंमत एका नगाला ९५० रुपये. फोटो मोठा करून पाहिला तर भोकाची आतली कड तशीच पांढरी होती.