गोल्ड विंग टूर : कागदावरचे वजन आणि हातातले वजन

होंडाची गोल्ड विंग टूर ही मोटारसायकल चालवून पाहण्यापूर्वीच तिच्याविषयी माझे मत जवळजवळ ठरलेले होते : १८३३ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे ३९० किलो वजन, म्हणजे ही दोन चाकांवरची मोटारगाडीच. नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर अर्धा तास ती चालवली आणि त्यातले निम्मे मत गळून पडले. सिलिंडर तीन-तीन असे दोन्ही बाजूंना आडवे असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि आसनही अवघे ७४५ मिलिमीटर उंच आहे. त्यामुळे माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय निर्धास्त टेकतात आणि गाडीने वेग घेतला की वजनाची आठवणही राहत नाही. पुढच्या चाकाला नेहमीच्या फोर्कऐवजी डबल विशबोन (एकावर एक दोन भुजांची) रचना असल्याने रस्त्याचे हादरे हँडलपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. सात गिअरचे डीसीटी (क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी यंत्रणा) इतके अलगद चालते की क्लच शोधणारा डावा हात उगीचच चाचपडत राहतो.

उरलेले निम्मे मत पार्किंगमध्ये खरे ठरले. गाडी मागे घेण्याची सोय आहे खरी, पण ती वापरतानाही तोल आपल्यालाच सांभाळावा लागतो, आणि गाडी जरा कलली की कागदावरचा प्रत्येक किलो मनगटात उतरतो. रोज कचेरीला जाणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये. मागे बसणाऱ्या व्यक्तीला मात्र चाचणीला अवश्य न्यावे. पाठ टेकून बसलेल्या आमच्या सौभाग्यवती उतरायलाच तयार नव्हत्या.