मेंदूचं आठ पार्टचं मॉडेल घेतलंय क्लिनिकसाठी, कसंय ते सांगतो

सांगलीत माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, आणि निम्मे पेशंट अंगावरून वारं गेलेले. मिरजेच्या कुठल्यातरी हॉस्पिटलातून डिस्चार्ज झाला की आमच्याकडं येतात, हातात एमआरआयची जाडजूड फाईल आणि सोबतच्या पोराला-सुनेला त्यातलं अक्षर कळलेलं नसतं. म्हणून हे मॉडेल घेतलं. सर्जिकलच्या दुकानातून आणलं, डब्यावर कंपनीचं नावसुद्धा नाही, त्यामुळं तुम्हाला हेच मिळेल असं नाही, पण असली सगळी मॉडेलं साधारण एकाच साच्यातली असतात.

साईज खऱ्या मेंदूएवढी, हे चांगलं. खरा मेंदू तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, हे प्लास्टिक पोकळ असल्यानं हातात घेतलं की हलकं वाटतं, पण लोकांना आकार तरी दिसतो. दोन अर्धे होतात, मग त्यांचे पुढचा-मागचा-बाजूचा असे लोब म्हणजे भाग निघतात, खाली ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ आणि लहान मेंदू. लहान मेंदूचा पार्ट भारी केलाय, पानापानांसारख्या घड्या नीट उठून दिसतात. एवढासा दिसतो, पण मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज न्यूरॉन्सपैकी (मज्जापेशींपैकी) जवळजवळ ऐंशी टक्के तिथंच आहेत, हे सांगितलं की बाहेर बसलेले पेशंटपण आत डोकावून बघतात.

आता खरा उपयोग कुठं होतो ते सांगतो. प्रत्येक घरचा एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, बाबा चालायला लागले की ओ, मग हात का येईना अजून?" पूर्वी मी तोंडानं समजवायचो, मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात परत तेच विचारायचे. आता मॉडेलचे दोन अर्धे वेगळे करून आतली बाजू दाखवतो. पाय हलवणारा भाग इथं आत, दोन अर्ध्यांच्या फटीत आहे. हात आणि तोंड हलवणारा भाग बाहेरच्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला. बाहेरच्या भागाला रक्त पुरवणारी शीर वेगळी, मिडल सेरेब्रल आर्टरी, आणि वारं जातं तेव्हा रक्ताची गुठळी बऱ्याचदा तिच्यातच अडकते. आतल्या भागाला दुसरी शीर जाते, ती वाचली तर पाय लवकर येतो आणि हात मागं राहतो. एवढं बोटानं दाखवलं की कळतं. एका मावशींनी तर घरी जाऊन जावेला समजावून सांगितलं म्हणे.

डावीकडं गुठळी आणि उजवं अंग गेलं, हे कसं, हा दुसरा प्रश्न. ब्रेनस्टेमच्या तळाला, मेड्युलात, वरून येणारे हालचालीचे धागे फुली मारल्यासारखे पलीकडं जातात, दहातले साधारण नऊ. मॉडेलवर तो भाग आहे पण फुली कोरलेली नाही, मी मार्करनं काढलीय. लहान मेंदूचं मात्र उलट आहे, त्यात उजवीकडं बिघाड झाला तर तोलपण उजव्याच बाजूचा जातो, त्यामुळं हे दोन्ही एकाच दिवशी सांगू नका, नातेवाईक गोंधळतात.

बोलणं गेलेल्यांसाठी तर हे पाहिजेच. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ मध्ये एक पेशंट दाखवला होता, त्याला समोरच्याचं बोलणं कळायचं पण तोंडातून "तान" एवढंच निघायचं. तो वारल्यावर मेंदू बघितला तर डाव्या बाजूला पुढच्या लोबमध्ये खराबी. ती जागा मॉडेलवर दाखवून मी घरच्यांना सांगतो की आजोबांचं डोकं गेलेलं नाही, त्यांना तुमचं बोलणं बरंच कळतंय, त्यांच्यासमोर वाट्टेल ते बोलू नका. (लोक बोलतात ओ, जमिनीच्या वाटणीपर्यंत.)

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे आतलं काहीच नाही. अर्ध्याची कापलेली बाजू गुळगुळीत रंगवून टाकलीय, त्यावर कॉर्पस कॅलोसम (दोन अर्धे जोडणारा पट्टा) आणि थॅलॅमस (मधला गोळा) दिसतं, पण बेसल गँग्लिया आणि इंटरनल कॅप्सूल हे खोल आतले भाग नाहीच. आपल्याकडं बीपीच्या गोळ्या मनानं बंद करणारे किती आहेत बघा, त्यांचा रक्तस्राव बहुतेक वेळा तिथंच आत होतो. इंटरनल कॅप्सूलमध्ये तोंड, हात, पाय सगळ्यांचे धागे एका अरुंद जागेतून जातात, त्यामुळं छोटासा रक्तस्रावसुद्धा अख्खी बाजू घेऊन जातो. हे समजवायला मला अजून कागद-पेनच घ्यावं लागतं.

दुसरं, रंग. पुढचा लोब निळा, मागचा पिवळा, असं भडक. बघणाऱ्याला वाटतं मेंदूत भिंती घातल्यात आणि प्रत्येक कामाला वेगळी खोली. खरा मेंदू बाहेरून करडा, आतून पांढरा, आणि सगळं एकमेकाला जोडलेलं. शिवाय शिरा दाखवलेल्या नाहीत. थोडे पैसे जास्त गेले तरी शिरांवालं मॉडेल घ्या, गुठळी कुठं अडकली हे दाखवायला तेच लागतं.

पार्ट जोडणारी चुंबकं एकदम लेचीपेची, लहान मेंदू सारखा निसटतो. फेविक्विक लावू नका, प्लास्टिकवर पांढरा डाग पडतो. माहितीपुस्तिका इंग्रजीत, आणि नंबर एवढे बारीक की भिंग लागतं.

मज्जारज्जूचा तर नुसता बोटभर तुकडा खाली लोंबतोय. मार्केट यार्डातले हमाल येतात माझ्याकडं, कंबरेतून पायात कळ जाणारे, त्यांना यावर काय दाखवणार? मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि खाली नुसत्या नसांचा झुपका जातो, मणक्यांमधली गादी सरकून दाबली जाते ती त्यातलीच एखादी नस. त्याला कण्याचं वेगळं मॉडेलच लागणार.

पाचपैकी साडेतीन. फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, नर्सिंगवाल्यांनी नातेवाईकांना समजवायला बिनधास्त घ्या, एमबीबीएसच्या पोरांनी परीक्षेसाठी यावर अवलंबून राहू नका, डिसेक्शन हॉलमध्ये जा. आणि कुणाकडं गादी सरकवून दाखवता येणारं कंबरेचं मॉडेल असेल तर मिरजेत की पुण्यात मिळालं आणि केवढ्याला, तेवढं खाली लिहा.