बासवुड: एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. मॉडेल रेल्वेच्या एचओ मापाच्या लेआउटसाठी लाकडी इमारती स्वतः करायच्या असतील तर बासवुड नावाचं लाकूड घ्या. बाल्सा हे हलकं, मऊ लाकूड आतल्या, न दिसणाऱ्या कामाला ठेवा. गेल्या दिवाळीपासून मी दर्शनी भागाला दुसरं लाकूड वापरलेलं नाही. मधे डोंबिवलीचा अख्खा पावसाळाही या इमारतींनी काढला, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

‘तयार इमारती मिळतात की, मग ही कापाकापी कशाला?’ हा प्रश्न बाहेरच्यांच्या आधी घरातूनच येतो. त्याचं उत्तर रुळांत आहे. एचओ म्हणजे १:८७, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान. आपला ब्रॉडगेज (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) १६७६ मिमी, म्हणजे या मापात १९ मिमीहून जरा जास्त. एचओचा रूळ मिळतो तो १६.५ मिमीचा. माथेरानच्या गाडीचा गेज ६१० मिमी, म्हणजे ७ मिमी. सहज मिळणारा रूळ ९ मिमीचा. म्हणजे दोन्ही गाड्या येतात असं नेरळसारखं स्टेशन मांडायचं तर मोठी गाडी अरुंद रुळावर आणि छोटी गाडी रुंद रुळावर चालवायची, असा उलटा कारभार. डबेही बहुतेक परदेशी. मग बघणाऱ्याला हे आपलंच स्टेशन कशावरून वाटणार? तर केबिन, गुड्स शेड, गेटमनची चौकी आणि फलाटाच्या छपराला लटकणारी लाकडी झालर यांवरून. खोक्यात येतात ती किट्स जर्मन खेड्यातली, नाहीतर अमेरिकी धान्यगोदामाची. पुण्याच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात (ते १९९८ पासून आहे) गाड्या बघायला गर्दी होते, पण तिथेही थोडा वेळ नुसत्या इमारती बघत उभं राहा, मी काय म्हणतोय ते कळेल.

आता लाकूड. मूळ इमारतींत सागवान असायचं, म्हणून पहिला मोह सागाचाच होतो. सुताराकडे तुकडे फुकट मिळतात. पण सागाची छिद्रं मोठी. पाव मिलिमीटरचं छिद्र ८७ पट करा, दोन सेंटिमीटरच्या वर जातं. फळीवर बोटभर रुंदीच्या चरा पडलेली सागवानी केबिन कुणी पाहिली आहे का? खऱ्या सागाचा भास हवा असेल तर ज्याच्या रेषा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत असंच लाकूड लागतं. बासवुड तसं आहे. अमेरिकेतल्या लिंडेन जातीच्या झाडाचं हे लाकूड, फिकट, एकसारखं, घनतेला बाल्साच्या दुपटीहून जास्त.

बाल्साची अडचण कापताना कळते. पातं कितीही नवं असू दे, रेषांना आडवं कापलं की कड दाबली जाते आणि चुरा होतो. घासलं तर मऊ लव उभी राहते, रंग दिला की ती आणखी फुगते. सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) हात देऊन बसवता येते, पण मग लाकडाऐवजी सीलरच दिसतो. नखाचा साधा दाबही उमटतो. बासवुडला हॉबी नाइफच्या ११ नंबरच्या पात्यानं हलके तीन-चार हात मारले की कड काचेसारखी सुटते. जोर लावून एकाच हातात कापू नका, पातं लाकडाच्या रेषेमागे पळतं.

सगळ्यात जास्त वेळ सिग्नल केबिननं घेतला. जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या धाटणीची दुमजली: खाली काळा दगड, वर लाकूड आणि काचा, माथ्यावर मंगलोरी कौलं. दगड पीओपीत (प्लास्टर ऑफ पॅरिस) कोरला, तो विषय निराळा. वरच्या मजल्याला ०.८ मिमीची शीट. सहा इंची फळी या मापात पावणेदोन मिलिमीटरची होते, म्हणून तेवढ्या अंतरावर स्टीलची पट्टी धरून बोथट दाभणानं रेघा ओढल्या. दाभणच हवं. कटरनं चीर पडते, दाभणानं गोलसर खाच, आणि फळ्यांच्या सांध्यात तशीच सावली असते. मग काळ्या ड्रॉइंग इंकचे थोडे थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये टाकून तो काढा फिरवायचा. अल्कोहोल झटकन उडून जातं, त्यामुळे पातळ शीट पाण्याइतकी वाकत नाही. शाई खाचेत थांबते, फळीवर राखाडी छटा राहते आणि वर कोरड्या ब्रशनं रेल्वेचा तो ठरलेला करडा रंग ओढला की केबिन लगेच तीस-चाळीस पावसाळे खाल्लेली दिसते. हे सगळं चिकटवायच्या आधी. गोंद सांडला त्या जागी शाई शिरत नाही, पांढरा डाग कायमचा राहतो.

खांबांसाठी उदबत्तीच्या काड्या वापरतो. बांबूच असतो, सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचा, म्हणजे साधारण साडेचार-पाच इंची खांब. पन्हाळीच्या नळांना हिराच्या झाडूची काडी. या दोन गोष्टी बासवुडपेक्षा सरस आहेत आणि घरातच असतात. (झाडू कमी कमी होत चालल्याची चौकशी झाली, तर ती आपापली निस्तरावी.)

आता पावसाळा. जूनमध्ये दोन भिंती मुद्दाम माळ्यावर ठेवल्या: एक फक्त बाहेरून रंगवलेली, दुसरी दोन्ही बाजूंनी रंगवून मागे ३ मिमी चौकोनी पट्ट्यांचा आधार दिलेली. गणपतीत काढल्या तेव्हा पहिली पन्हळीसारखी वळली होती, दुसरी काचेवर ठेवून पाहिली तर कागदही खाली सरकेना. लाकूड लांबीत जवळपास फुगत नाही, रुंदीत फुगतं. एका बाजूनं रंगानं तोंड बंद केलं की दमट हवा दुसरीकडून शिरते आणि भिंत वळते. म्हणून आतली बाजू दिसत नसली तरी रंगवाच. केबिन या परीक्षेत पास झाली, फक्त जिथे लाकूड पीओपीला भिडतं तिथे केसभर फट दिसते. खरी माथेरानची गाडी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) बंद असते. आमची बारमाही, तेव्हा ही काळजी आम्हालाच.

बासवुडचं कुठे जमत नाही? खिडकीचे गज. दीड इंची गज या मापात अर्ध्या मिलिमीटरहून बारीक येतो. बासवुडचा तेवढा काप निघतो, पण चौकटीत बसवताना हातातच तुटतो. तिथे सरळ ३०० जीएसएमचा जाड कागद घ्यावा, लाखेचं पॉलिश देऊन कडक करावा. झालरीचंही तेच. भोकं आणि टोकं कोरायला गेलं की लाकूड रेषेत चिरतं. झालर ड्रॉइंग पेपरची, वरून सुपरग्लू पाजलेली. काचांना ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट चालते, पण ती मात्र सुपरग्लूनं चिकटवायची नाही. वाफेनं पांढरी पडते. तिथे फेविकॉल, सुईच्या टोकानं.

कौलं तर कागदाचीच. मंगलोरी कौल या मापात जेमतेम पावणेपाच बाय पावणेतीन मिलिमीटरचं होतं, लाकडात करायचं कामच नाही. फक्त त्यावर वॉर्निशचा हात हवा, नाहीतर कसर लागते.

दुसरी तक्रार मिळण्याची. बाल्सा एअरोमॉडेलिंगच्या आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या दुकानांत मिळतो. बासवुड बरेचदा ऑनलाइन मागवावं लागतं आणि महाग पडतं. एका ऑनलाइन दुकानातून आलेलं पाकीट तर वाकलेल्या शीटचंच निघालं, परत घ्यायला तयार नाहीत. शीट हातात आली की आधी डोळ्यासमोर आडवी धरून सरळ आहे का बघा, मगच पावती टाकून द्या. १.५ मिमीची शीट गुड्स शेडसारख्या मोठ्या भिंतींना, ०.८ मिमीची केबिन आणि चौकीला. त्याहून पातळ घेऊ नका, तिथे कागद स्वस्त आणि बरा. ३ मिमीच्या चौकोनी पट्ट्या वाटतात त्याच्या दुप्पट मागवा, आतल्या आधारालाच निम्म्या संपतात.