सेकंडहँड कॅरॅव्हॅन घेताय? आधी चासीवर बोट फिरवा

लिहायला लाज वाटते, पण 29,154 डॉलर गेल्यावर लाज धरून करायचं काय? कॅरॅव्हॅनचे (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचे) 27,400, गाडीला टोबार (मागे कॅरॅव्हॅन जोडायचा दांडा) आणि तिचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर बसवायचे 1,390, आणि मॉल्डन, क्लून्स, बीचवर्थ इथल्या सात रात्रींच्या बुकिंगचे 364, जे परत मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातली सोन्याच्या काळातली जुनी गावं मुलांना दाखवायची, एवढाच बेत होता.

विकणारा कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच. गोड बोलणारा, घाईत असलेला, दुसऱ्या राज्यात बदली झालेला. आमचा तर वर वाटाड्याही निघाला. क्लून्सला 1851 मध्ये सोनं सापडलं, बॅलरॅटच्या सॉव्हरिन हिलला पूर्ण दिवस द्या, मॉल्डनच्या जुन्या बाजारपेठेत ही लांब गाडी घालू नका, व्हरांड्यांचे खांब अगदी रस्त्याच्या कडेला आहेत. सगळं खरं. म्हणूनच भुललो.

कागद चोख होते. पीपीएसआरचा, म्हणजे गाडीवर कर्ज वगैरे आहे का ते दाखवणाऱ्या सरकारी नोंदवहीचा, दाखला त्याने दिला, तरी आम्ही दोन डॉलर भरून त्याच दिवशी स्वतः काढला. (खरेदीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशीच काढा, त्याआधीचा कामाचा नाही.) कर्ज नाही, चोरीची नोंद नाही, राइट-ऑफ (विम्याने निकालात काढल्याची नोंद) नाही. म्हणजे आम्ही अगदीच बावळट नव्हतो, एवढं मान्य करा. चूक इतकीच, की व्हीआयएन, म्हणजे गाडीचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक, रिवेटने बसवलेल्या पाटीवरून उतरवला. दाखला तुम्ही टाकलेल्या सतरा अक्षरांचा असतो, समोर उभ्या असलेल्या गाडीचा नसतो. पाटी दुसऱ्याच कॅरॅव्हॅनच्या नंबरची होती.

खरा व्हीआयएन चासीवर ठोकलेला असतो, बहुतेक वेळा पुढच्या ए-फ्रेमच्या (जोडणीच्या तिकोनी सांगाड्याच्या) दांड्यावर. तो दांडा गंजून तांबूस झालेला, आणि मध्येच वीतभर जागेत ताजा काळा रंग. पाटीचे रिवेट चकचकीत, पाटीभोवतीचा पत्रा मात्र पार कळकटलेला. रंगावरून नुसतं बोट फिरवलं असतं तरी अक्षरांच्या खाचा लागल्या असत्या. नाही फिरवलं. आत ओल आहे का, फरशी कुठे दबते का, टायरवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा कोड, गॅसची नळी, सगळं तपासलं, आणि नेमकं हेच राहिलं.

त्याहून ढळढळीत गोष्ट पुढेच होती. पाटीवर एटीएम (सामानासकट कॅरॅव्हॅनचं जास्तीत जास्त वजन) 1,980 किलो, आणि फ्रेमवर ब्रेकअवेची, म्हणजे जोडणी सुटली तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेची, बॅटरी नि स्विचची तार! ब्रेकअवे सक्तीचा होतो जीटीएम 2,000 किलोच्या वर गेल्यावर. जीटीएम म्हणजे एटीएममधून टोबारच्या बॉलवर (जोडणीच्या गोळ्यावर) पडणारा भार वजा करून उरतं ते, म्हणजे 1,980 च्याही खाली. मग एवढ्या हलक्या गाडीला हा खर्च कोण करेल? त्यात दोन ॲक्सल आणि चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. बॉलवर साधारण दहा टक्के भार ठेवा, असं लोकांना सांगत फिरणारे आम्ही. तरी डोळ्यांसमोरची तार दिसली नाही.

पुढे वजनकाट्यावर नेली तर रिकामीच 2,240 भरली. तेव्हा रंग खरवडला. खालच्या नंबरवर दुसऱ्याच कोणाचं कर्ज निघालं. काट्यावर पैसे देण्याआधी जा. विकणारा यायला का-कू करत असेल तर तिथूनच घरी परत या. आणि व्हीआयएनमध्ये आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. दिसली, तर पुढे बोलूच नका.

आता दारोदार फिरणं. पोलिसांच्या काउंटरवर सांगितलं, हा दिवाणी मामला. अहो, बनावट पाटी ठोकून विकलीय, यात दिवाणी काय? ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने खाजगी विक्री आमच्याकडे येत नाही म्हणून हात वर केले. बँकेने पन्नास मिनिटं वाट पाहायला लावून ऐकवलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. नाव जुळत नसल्याची सूचना पडद्यावर आली होती, हेही वर सुनावलं. आली होती. बायकोच्या नावावरचं खातं आहे, असं विकणारा म्हणाला आणि आम्ही पुढे गेलो. ती सूचना आली की थांबा, बायको असो की मेहुणा. बँकेने झटकलं तर एएफसीएकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे) तक्रार फुकट करता येते, ती केलीय. ऑनलाइन फॉर्म भरून तीन तक्रार क्रमांक मिळाले. त्या क्रमांकांना उत्तर द्यायला माणूस कुठे बसतो, ते कोणीच सांगत नाही.

कर्ज देणारी कंपनी मात्र कॅरॅव्हॅन न्यायला वेळेवर आली. पाटी पुरावा म्हणून ताब्यात घ्या, असं आम्ही पहिल्याच दिवशी पोलिसांच्या काउंटरवर विनवलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं, फोटो काढून ठेवा. गाडी पाटीसकट गेली. त्यानंतर आठ दिवसांनी पोलिसांचा फोन आला, ती मूळ पाटी बघायला मिळेल का?