स्नोमोबाईलला दुसऱ्या गाडीचं मागचं सस्पेन्शन: दोन हिवाळ्यांनंतर

माझ्या स्नोमोबाईलच्या, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीच्या, जुन्या सस्पेन्शनवरची शेवटची फेरी ५२ किलोमीटरची होती आणि त्यातली निम्मी मी उभ्यानेच काढली. सीटवर टेकलं की प्रत्येक खळगा थेट कमरेत. माझ्या कमरेच्या खालच्या मणक्यांमधली एक गादी सरकलेली आहे. "धक्के टाळा," एवढंच डॉक्टर म्हणाल्या होत्या. स्नोमोबाईल सोडायची माझी तयारी नव्हती, म्हणून मागचं सस्पेन्शन बदललं. त्याला आता दोन हिवाळे आणि साधारण अडीच हजार किलोमीटर झाले. एवढ्या वापरानंतर ठामपणे सांगते, बदल फार चांगला झाला. पण विकणाऱ्याने मला "चार बोल्ट काढायचे, चार लावायचे" असं सांगितलं होतं. ते खरं मानून कुणी कामाला लागू नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझी गाडी ज्या कंपनीची, त्याच कंपनीच्या, पण माझ्या गाडीपेक्षा बऱ्याच नव्या ट्रेल मॉडेलचं (बर्फातल्या आखलेल्या वाटांवर चालवायच्या गाडीचं) हे सस्पेन्शन. मोडीत निघालेल्या गाडीतून अख्खं काढलेलं: दोन्ही रेल (रबरी पट्टा ज्यांच्यावरून फिरतो ते लांब दांडे), दोन्ही आर्म, दोन शॉक, टॉर्शन स्प्रिंगा (पीळ घेऊन जोर देणाऱ्या), चाकं, मागचा ॲक्सल. ट्रॅक, म्हणजे तो रबरी पट्टा, मात्र मी माझाच ठेवला. तो १२१ इंच लांब, १५ इंच रुंद आणि २.५२ इंच पिचचा आहे, म्हणजे दर २.५२ इंचांवर एक आडवी ओळ, अशा ४८ ओळी. पिच बदलली असती तर ट्रॅक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टवरची दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेटही बदलावे लागले असते, कारण त्यांचे दाते त्याच अंतरावर ट्रॅकमध्ये बसतात. नवं सस्पेन्शनही १२१ इंचांच्या ट्रॅकसाठीच बनलेलं होतं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

आता सगळा खटाटोप ज्यासाठी केला ते. रेल टनेलला, म्हणजे सीटखालच्या पत्र्याच्या बोगद्याला, दोन आर्मनी टांगलेल्या असतात, एक पुढे आणि एक मागे. माझ्या जुन्या सस्पेन्शनमध्ये हे दोन आर्म एकमेकांची दखल न घेता हलायचे. पुढचा आर्म उंचवट्यावर चढून दबला तरी मागचा आपल्या जागी ताठ. गाडी पुढे सरकली की तोच उंचवटा त्या ताठ मागच्या भागाखाली यायचा आणि सीट मला वर फेकायची. नव्यामध्ये आर्मच्या सांध्यापाशी ठोकळे आहेत. पुढचा भाग ठरावीक मर्यादेपर्यंत दबला की ठोकळा टेकतो आणि मागचा आर्मही त्याच्याबरोबर दबायला लागतो. उंचवटा सीटखाली पोचतो तेव्हा मागचा भाग आधीच थोडा दबलेला असतो, म्हणून उसळी बसत नाही. याला कपल्ड सस्पेन्शन म्हणतात. जोरात थ्रॉटल दिल्यावर वजन मागे जाऊन स्की उचलल्या जातात, त्यालाही असाच दुसरा ठोकळा मर्यादा घालतो. या दुसऱ्या ठोकळ्याची एक किंमत मोजावी लागते, त्याबद्दल पुढे.

खरं काम मापांचं आहे. मोडीतली गाडी कापली जाण्याआधी मी तिथे टेप, गुण्या आणि मोठा पुठ्ठा घेऊन गेले, आणि ही एक गोष्ट केली नसती तर बाकी सगळं फुकट गेलं असतं. ड्राइव्ह शाफ्टच्या मध्यापासून पुढच्या आर्मच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर, टनेलच्या वरच्या पत्र्यापासून त्या भोकाची खोली, तसंच मागच्या भोकाचं आणि पुढच्या-मागच्या भोकांमधलं अंतर. प्रत्येक माप दोन्ही बाजूंनी घेतलं आणि पुठ्ठ्यावर नमुना कापून आणला. तोच पुठ्ठा माझ्या गाडीच्या टनेलला लावला तेव्हा पुढचं नवं भोक जुन्यापेक्षा २२ मिलिमीटर मागे आणि १४ मिलिमीटर खाली येत होतं. मागचं जवळजवळ ६० मिलिमीटर पुढे सरकत होतं.

ही भोकं म्हणजेच गाडीचा स्वभाव. पुढचं भोक खाली घेतलं तर ट्रॅकचा पुढचा भाग खाली ढकलला जातो, स्कींवरचा भार कमी होतो आणि वळणावर गाडी सरळ पळायला बघते. भोक वर घेतलं तर स्कींवर भार वाढतो, हँडल जड होतं. फार पुढे घेतलं तर रेलचं टोक स्प्रॉकेटला भिडायची भीती. त्यामुळे "साधारण इथे" म्हणून ड्रिल लावू नका. मी आधी ६ मिलिमीटरची भोकं पाडली, त्यातून सरळ सळई आरपार घालून ती शाफ्टला समांतर आहे का हे दोन्ही बाजूंनी मोजलं, मग १० मिलिमीटरची केली. पत्र्यामागे इंजिन गार ठेवणाऱ्या कूलरची नळी कुठे जाते ते हात घालून चाचपून घेतलं होतं. तिथे ड्रिल घुसलं की गाडीचं पाणीच बाहेर.

जुनं आणि नवं भोक यांच्या मध्यांत २६ मिलिमीटर अंतर, म्हणजे दोन्हींच्या कडांमध्ये जेमतेम १६ मिलिमीटर पत्रा उरत होता. एवढ्या पत्र्यावर पुढच्या आर्मचा सगळा मार सोपवणं मला पटेना. दोन्ही बाजूंना बाहेरून ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी बसवली, कडा कानशीने गोल करून, रिव्हेट दोन इंचांच्या अंतराने. ज्यांना हे करायचं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं की ही पट्टी टाळू नका.

आर्मची नळीही टनेलच्या आतल्या रुंदीपेक्षा प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटरने आखूड निघाली. बोल्ट आवळून पत्रा आत ओढून घेता येतो, पण मग टनेल वाकडं होतं, ताणलेल्या पत्र्याला पुढे भेग जाते आणि आर्मही मोकळा फिरत नाही. लेथवाल्याकडून स्टीलचे स्पेसर करून घेतले. नळीतल्या बुशिंगही त्याच वेळी नवीन घातल्या, ग्रीस भरलं.

यानंतरचा टप्पा बरेच जण गाळतात. स्प्रिंगा आणि शॉक न लावता नुसतं सस्पेन्शन बोल्टांवर लटकवायचं, ट्रॅक चढवायचा आणि जॅकने रेल पार वर, जिथे थांबतील तिथपर्यंत उचलायच्या. गाडी उंच उडी मारून पडली की आत काय होईल ते असं शांतपणे डोळ्यांनी दिसतं. माझ्या गाडीत मागच्या आर्मवरची वरची चाकं ट्रॅकला टनेलमधल्या कूलरच्या इतकी जवळ नेत होती की मध्ये फक्त ९ मिलिमीटर जागा राहिली. वेगात ट्रॅक बाहेरच्या बाजूला फुगतो, तेव्हा त्याचे दाते कूलरला घासलेच असते. जुन्या सस्पेन्शनवरची कमी व्यासाची चाकं काढून इथे लावली आणि जागा पुरेशी झाली. जॅक लावला नसता तर हे मला कूलर फाटल्यावर कळलं असतं.

बसवण्याच्या दिवशी माझा लेक मदतीला होता. गाडी आडवी करण्याआधी पेट्रोलची टाकी रिकामी केली, बॅटरी काढून ठेवली, खाली जाड पुठ्ठे अंथरले. पुढचा आर्म आधी बोल्टला अडकवला. मागचा काही केल्या भोकासमोर येईना. दोघांनी पायाने ढकलून पाहिलं. शेवटी रॅचेटच्या पट्ट्याने सस्पेन्शन दाबून धरलं तेव्हा तो आपसूक जागेवर आला. स्प्रिंगचा पाय अडकवताना लेक हात पुढे करत होता, त्याला मी ओरडून मागे घेतलं. ताणलेली टॉर्शन स्प्रिंग सुटली तर बोट मोडते. त्यासाठी मिळणारी हुकाची दांडी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको. मग ट्रॅकच्या खालच्या पट्ट्याला मधोमध साडेचार किलोचं वजन टांगून ताण मोजला. गाडी मागून उचलून स्टँडवर ठेवली आणि ट्रॅक हळू फिरवत दोन्ही रेलपासूनचं अंतर सारखं येईपर्यंत ॲक्सलचे बोल्ट थोडे थोडे फिरवले. ट्रॅक फिरत असताना मागे कुणीही उभं राहायचं नाही.

पहिल्या फेरीत माझी निराशा झाली. उसळी गेली होती, पण गाडी दगडासारखी कडक. कारण शोधायला वेळ लागला नाही: माझं वजन ५८ किलो आहे, आणि त्या स्प्रिंगा माझ्यापेक्षा कितीतरी जड माणसासाठी निवडलेल्या होत्या. मी बसल्यावर गाडीचा मागचा बंपर जेमतेम एक इंच खाली जात होता, म्हणजे सस्पेन्शन जवळजवळ कामच करत नव्हतं. तारेची जाडी मोजली, ती निघाली ०.३७५ इंच. त्याच आकाराच्या ०.३४७ इंच तारेच्या स्प्रिंगा मागवल्या. फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे बाकी सगळं तेच असताना ही स्प्रिंग सुमारे २७ टक्के मऊ पडते. आता मी बसल्यावर बंपर तीन इंच खाली जातो. वजनाने हलक्या चालकांनी, विशेषतः बायकांनी, हे आधी तपासावं. मऊ स्प्रिंगा मागवताना मला "तुम्ही अजून शिकताय, सवय होईल" असं ऐकून घ्यावं लागलं होतं. इंचपट्टीने मोजता येणारी गोष्ट सवयीवर ढकलू नये.

स्प्रिंगा बदलल्यावर मात्र गाडी वेगळीच झाली. दुपारनंतर ट्रेलवर जिथे सगळे ब्रेक मारतात आणि वळून पुन्हा थ्रॉटल देतात, तिथे पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडतात. जुन्या गाडीवर मी त्या दिसल्या की उभी राहत असे. आता बसून जाते. लाटा कळतात, पण त्या पायांत आणि हातांत कळतात, कमरेत नाही. या हिवाळ्यात सलग ९० किलोमीटर बसून केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ उठले. माझ्यासाठी या सस्पेन्शनची परीक्षा तीच होती.

वळणावर स्की जमिनीला धरून राहतात, गाडी म्हणाल तिकडे वळते. सुरुवातीला हँडल थोडं जड वाटलं, तेव्हा पुढच्या आर्मचा लिमिटर पट्टा एका भोकाने सैल केला. पट्टा लांब केला की पुढचा आर्म जास्त उघडतो आणि स्कींवरचा भार हलका होतो. एका भोकाने बरोबर बसलं.

आता मघाशी म्हटलेली किंमत. खोल, भुसभुशीत बर्फात ही गाडी जुनीइतकी चांगली नाही. तिथे नाक वर उचललं जायला हवं, आणि ठोकळे नेमकं तेच अडवतात. ठोकळ्यांना चार स्थिती आहेत. सगळ्यात सैल स्थितीत फिरवल्यावर थोडं बरं होतं, तरी गुडघाभर बर्फात ती नांगरासारखी बर्फ ढकलत जाते. ज्यांचं निम्मं फिरणं ट्रेल सोडून होतं, त्यांनी हे सस्पेन्शन घेऊ नये.

दुसरी तक्रार स्लायडरची. रेलच्या खाली प्लास्टिकच्या लांब पट्ट्या असतात, त्यांच्यावरून ट्रॅक घसरतो आणि त्यांना थंड आणि ओलं ठेवतो तो बर्फच. साठच्या दशकातल्या गाड्यांना मागे स्प्रिंगवरच्या बोगी चाकांच्या जोड्या असत, त्यांना ही काळजी नव्हती. रेल आल्या आणि चाल मऊ झाली, पण बर्फावरचं अवलंबनही आलं. नव्या सस्पेन्शनला जुन्यापेक्षा दोन चाकं कमी आहेत, त्यामुळे रेलवर भार जास्त पडतो. पहिल्याच हंगामात, कडक गोठलेल्या ट्रेलवर, माझे स्लायडर पुढच्या वाकापाशी जवळजवळ संपले. नवीन घातले, प्रत्येक रेलला एक जादा चाक लावलं आणि बर्फ ओरखडून उडवणाऱ्या स्प्रिंगच्या तारा बसवल्या. रिव्हर्स घेण्याआधी या तारा वर अडकवाव्या लागतात. दुसऱ्या हंगामात स्लायडर अर्धेही झिजले नाहीत.

वजन तीन किलोने वाढलं. मला ते जाणवत नाही.

हंगाम संपल्यावर सगळं सस्पेन्शन पुन्हा खाली उतरवून पाहिलं. पट्ट्यांचे रिव्हेट घट्ट, भोकं गोलच, पत्र्याला कुठे भेग नाही. पुढच्या शॉकच्या सीलमधून मात्र तेल पाझरत होतं. तो शॉक वापरलेला होता आणि मी न उघडताच लावला होता. दोन्ही शॉक आधी उघडून सील बदलूनच बसवायला हवे होते. आता ते सील बदलायला दिले आहेत आणि रेल गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या आहेत.