सब्सिडी ट्रॅकर : सवलतींच्या वादात हाताशी असावा असा डेटाबेस

कंपन्यांनी आपल्या भागात यावे म्हणून सरकारे ज्या करसवलती आणि अनुदाने देतात, त्यांविषयी लोकांचे मत बहुधा घोषणेच्या दिवशीच पक्के होते. ‘गुड जॉब्ज फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेचा ‘सब्सिडी ट्रॅकर’ हा विनामूल्य डेटाबेस त्या मताला आकड्यांचा आधार देतो. कंपनीचे नाव टाकले की सवलतींच्या नोंदी समोर येतात, आणि उपकंपन्यांच्या नोंदी मूळ कंपनीच्या नावाखाली एकत्र केलेल्या असल्याने एरवी विखुरलेली रक्कम एका नजरेत दिसते. नोंदी अशा एकत्र जोडण्याचे काम खरोखर किचकट आहे.

मात्र नोंद म्हणजे निकाल नव्हे. विस्कॉन्सिन राज्याने २०१७ मध्ये फॉक्सकॉनला सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या, तेव्हा १३,००० नोकऱ्यांचे आश्वासन होते. २०२१ च्या सुधारित करारात नोकऱ्यांचे आश्वासन १,४५४ पर्यंत आणि सवलती ८ कोटी डॉलरपर्यंत खाली आल्या. त्यामुळे आकडा मंजूर रकमेचा आहे की प्रत्यक्ष दिलेल्या, हे तपासल्याशिवाय वादात उतरू नये. संस्था स्वतः अशा सवलतींची टीकाकार आहे, हेही ध्यानात असावे. जिथे सरकारेच तपशील दडवतात, तिथे हा डेटाबेसही हतबल ठरतो, पण तो दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.