वॉर्ड ऑफिसचं इमारत खातं: 5 पैकी अडीच स्टार

खालच्या दुकानवाल्याने फुटपाथवर पत्र्याची शेड पुढे काढली, आता स्टेशनला जायचं तर रोज रस्त्यावर उतरून चालायचं, म्हणून शेवटी मुंबई महापालिकेच्या 1916 या तक्रार नंबरला फोन लावला. तक्रार नंबर लगेच मिळाला, एक स्टार त्याचाच. मग दीड महिना सामसूम.

शेवटी स्वतःच गेलो. मोठे साहेब जेवायला गेलेले, वगैरे ते सोडा. पण जे ज्युनियर इंजिनिअर भेटले ते सरळ बोलले बुवा. म्हणाले, काका, आधी चालू बांधकाम, तिथे पालिका कायद्याच्या कलम 354अ ची नोटीस देऊन काम थांबवता येतं, एकदा का उभं राहिलं की कलम 351 ची नोटीस, मग त्याचं उत्तर, मग सुनावणी, आणि मध्येच तो कोर्टातून स्टे आणतो. त्यात पावसाळा तोंडावर, सगळा स्टाफ सी-1 म्हणजे अतिधोकादायक इमारती रिकाम्या करण्यात. तुमची शेड कोणाच्या डोक्यावर पडत नाहीये ना? पटलं, राग आला तरी पटलं. अर्धा स्टार या खरं बोलण्याचा.

पण मग शेजारच्या गल्लीतली वडापावची गाडी दोन दिवसांत कशी उचलली हो? तिथे नंबर कसा लागला ते काही सांगितलं नाही.

निघताना तेच इंजिनिअर हळूच म्हणाले, तुमच्या बिल्डिंगच्या खिडक्यांना पण बॉक्स ग्रिल, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या जाळ्या, आहेत ना. आहेत, माझ्या खिडकीलापण आहे. एक स्टार विनोदबुद्धीला. शेड अजून तिथेच.